लीझेगांग रिंग्ज म्हणजे काय? जेलमध्ये आपोआप उमटणाऱ्या वर्तुळांचं विज्ञान, सोप्या मराठीत

काचेवर जेलचा एक पातळ थर घ्या. त्यात एक रसायन आधीच मिसळलेलं आहे. मधोमध दुसऱ्या रसायनाचा एक थेंब टाका आणि झाकून ठेवून द्या. ढवळायचं नाही, तापवायचं नाही, काही जोडायचं नाही. एक-दोन दिवसांनी पाहिलं तर थेंबाभोवती एकात एक अशी वर्तुळं उमटलेली असतात. मध्ये रिकामी जागा, मग वर्तुळ, मग पुन्हा रिकामी जागा. कंपासने काढल्यासारखी.

या वर्तुळांना लीझेगांग रिंग्ज म्हणतात. हाच प्रयोग उभ्या परीक्षानळीत केला तर वर्तुळांऐवजी आडवे पट्टे दिसतात, त्यांना लीझेगांग पट्टे म्हणतात. प्रक्रिया दोन्हीकडे एकच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. केमिस्ट्रीशी माझा संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर संपला. तरी हा विषय मला सोडवत नाही, कारण ठरावीक अंतराने काहीतरी पुन्हा पुन्हा घडताना दिसलं की आपण लगेच धरून चालतो की कुठेतरी लूप आहे, टायमर आहे किंवा कुणीतरी ते आखलंय. इथे यातलं काहीच नाही. आणि हे नीट समजलं तर दगडावरच्या "रहस्यमय" वर्तुळांचे फॉरवर्ड्स ओळखण्यापासून मायक्रोस्कोपखालच्या चुकीच्या निदानापर्यंत बऱ्याच गोष्टी कळतात.

आधी चार शब्द समजून घेऊ

हे सगळे शब्द शाळेत येऊन गेलेले आहेत, फक्त उजळणी.

- विसरण: पाण्यात शाईचा थेंब न ढवळता पसरतो ते. कण जास्त दाटीकडून कमी दाटीकडे सरकतात.
- अवक्षेप: दोन द्रावणं मिसळल्यावर तयार होणारा न विरघळणारा गाळ. दहावीच्या दुहेरी विस्थापन अभिक्रियेत सिल्व्हर नायट्रेट आणि मीठ मिसळल्यावर येणारा पांढरा साका आठवा.
- अतिसंपृक्त द्रावण: मावेल त्याहून जास्त पदार्थ विरघळलेला असूनही गाळ अजून खाली न बसलेलं द्रावण. साखरेचा दाट पाक गार झाला तरी लगेच साखर सुटत नाही, पण एखादा दाणा पडला की त्याभोवती भराभर जमायला लागते. तीच अवस्था.
- जेल: जिलेटिन किंवा अगार (घरात ज्याला आपण चायना ग्रास म्हणतो) गरम पाण्यात विरघळवून गार केल्यावर मिळणारा थलथलीत पदार्थ. त्यात पाणीच जास्त असतं, पण ते वाहत नाही.

जेलचं काम महत्त्वाचं आहे. साध्या पाण्यात प्रवाह तयार होतात आणि गाळ तळाशी जातो, म्हणजे नक्षी बनली तरी पुसली जाते. जेल हे दोन्ही थांबवतं. रसायनं फक्त विसरणाने पुढे जातात आणि गाळ जिथे बनला तिथेच अडकून राहतो. मात्र जेल नसेल तर पट्टे पडतच नाहीत असं नाही. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड हे दोन वायू नळीच्या दोन टोकांनी आत सोडले तरी पट्टे पडतात, हे १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दाखवलं गेलं आहे.

शोध कुणी लावला?

राफाएल एडुआर्ड लीझेगांग (१८६९–१९४७) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. घरचा व्यवसाय फोटोग्राफीच्या साहित्याचा. त्या काळातली फोटोग्राफी म्हणजे जिलेटिन आणि चांदीचे क्षार, त्यामुळे या दोन गोष्टी त्यांच्या रोजच्या हाताखालच्या होत्या. १८९६ मध्ये त्यांनी पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनच्या थरावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. सिल्व्हर डायक्रोमेटचा लालसर तपकिरी गाळ तयार झाला, पण सलग डाग पडण्याऐवजी वर्तुळं पडली.

अशा नक्षी त्यांच्याआधीही दिसल्या होत्या. फ्रीडलीब रुंगे या रसायनशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये टिपकागदावर रसायनांनी आपोआप काढलेल्या चित्रांचं एक पुस्तकच प्रसिद्ध केलं होतं. पण जेलमधल्या वर्तुळांचा पद्धतशीर पाठपुरावा लीझेगांग यांनी केला, म्हणून नाव त्यांचं.

टेक वाचकांसाठी एक जादा माहिती: याच लीझेगांग यांनी १८९१ मध्ये, म्हणजे टीव्ही अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, विजेने दूरवर चित्र पाठवण्याच्या कल्पनेवर पुस्तक लिहिलं होतं. टीव्हीसाठी आजही वापरला जाणारा जर्मन शब्द त्या पुस्तकाच्या नावात आहे.

वर्तुळं बनतात कशी?

विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण आजही सुरुवात करायला सगळ्यात सोपं आहे. जेलमध्ये आधीपासून असलेल्या रसायनाला "आतलं" म्हणू आणि वरून टाकलेल्याला "बाहेरचं". बाहेरचं रसायन आतल्यापेक्षा बरंच जास्त तीव्र ठेवतात, म्हणून तेच पुढे घुसत जातं.

१. बाहेरचं रसायन जेलमध्ये सरकतं आणि आतल्याला भेटतं. दोघांपासून न विरघळणारा पदार्थ बनू शकतो, पण लगेच गाळ पडत नाही. आधी द्रावण अतिसंपृक्त होतं.

२. एका जागी हे प्रमाण ठरावीक उंबरठा ओलांडतं आणि गाळाचे पहिले कण जन्माला येतात.

३. एकदा कण तयार झाले की त्यांच्यावर आणखी गाळ चढणं सोपं असतं. पाकातल्या दाण्यासारखंच. त्यामुळे आजूबाजूचं आतलं रसायन त्या कणांकडे ओढलं जातं आणि संपतं. हे झालं पहिलं वर्तुळ.

४. वर्तुळाच्या लगेच पुढच्या भागात आता आतलं रसायन फारसं उरलेलं नाही. बाहेरचं रसायन तिथून पुढे जातं, पण उंबरठा ओलांडण्याइतका माल तिथे नसतो. म्हणून रिकामी जागा.

५. बरंच पुढे गेल्यावर पुन्हा भरपूर आतलं रसायन मिळतं, पुन्हा उंबरठा ओलांडला जातो, दुसरं वर्तुळ पडतं. आणि हेच पुढे चालू राहतं.

सगळी गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमधल्या फरकात आहे. नवा कण जन्माला यायला उंबरठा उंच, असलेला कण वाढायला उंबरठा खाली. इंजिनिअरिंगमध्ये याला हिस्टरेसिस म्हणतात. तुमच्या फोनच्या ऑटो-ब्राइटनेसमध्येही हे असतं: स्क्रीन उजळण्याची आणि मंद होण्याची पातळी मुद्दाम वेगळी ठेवतात, नाहीतर उजेड सीमारेषेवर असताना स्क्रीन सतत लुकलुकत राहिली असती. फोनमध्ये हा फरक कुणीतरी लिहून ठेवलेला असतो, जेलमध्ये तो पदार्थाच्या स्वभावातच असतो.

वर्तुळांचे नियम

वर्तुळं समान अंतरावर नसतात, आणि समान वेळानेही पडत नाहीत. पण त्यांना नियम आहेत.

वेळेचा नियम (मोर्स आणि पिअर्स, १९०३): वर्तुळाचं सुरुवातीपासूनचं अंतर हे ते पडायला लागलेल्या वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. म्हणजे दुप्पट अंतराला चौपट वेळ, तिप्पट अंतराला नऊपट वेळ. हा विसरणाचाच स्वभाव आहे. पाण्यातल्या छोट्या आयनांसाठी ढोबळ हिशोब केला तर १ मिमी जायला साधारण ८ मिनिटं, १ सेमीला १४ तास आणि १० सेमीला जवळपास २ महिने लागतात. म्हणूनच प्रयोग छोट्या नळीत करतात.

अंतराचा नियम (याब्लचिन्स्की, १९२३): लागोपाठच्या दोन वर्तुळांच्या अंतरांचं गुणोत्तर जवळपास कायम असतं. समजा ते १.१ आहे आणि पहिलं वर्तुळ १० मिमीवर आहे. मग पुढची ११, १२.१, १३.३, १४.६, १६.१ मिमीवर येतील. मधली फट वाढत जाते. हे चक्रवाढ व्याजासारखं आहे: १० ते २० मिमीच्या टप्प्यात साधारण ७ वर्तुळं, आणि २० ते ४० मिमीच्या दुप्पट टप्प्यातही साधारण ७च.

असं का? विसरणाकडे स्वतःची पट्टी नाही. "दर २ मिमीला एक" असं म्हणायला कुठून तरी २ मिमी हे माप यायला हवं, आणि विसरणाच्या समीकरणात असं कुठलंही माप नसतं. अमुक वेळेत किती पुढे आलो, एवढंच तिथे असतं. ठरलेलं माप नसेल तर उरतं ते फक्त गुणोत्तर.

तीव्रतेचा नियम (मॅटालॉन आणि पॅक्टर, १९५५): बाहेरचं रसायन जितकं तीव्र, तितकी वर्तुळं जवळजवळ. याशिवाय जाडीचाही नियम आहे: लांबची वर्तुळं जास्त रुंद होत जातात.

याला अपवादही आहेत. काही रसायनांच्या जोड्यांमध्ये फटी वाढण्याऐवजी कमी होत जातात. कधी पट्ट्यांऐवजी जिन्यासारखी गोल फिरत जाणारी नक्षी येते. २०१३ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत दाखवलं की तोच प्रयोग तशाच परिस्थितीत पुन्हा केला तरी कधी पट्टे येतात, कधी हा पीळ येतो, आणि पीळ येण्याची शक्यता मोजता येते. कोडिंगच्या भाषेत, रँडम सीड बदललं की आउटपुट बदलतं.

भारतातला वाद

ओस्टवाल्ड यांचं स्पष्टीकरण सगळ्यांना पटलं नाही, आणि या वादात भारतीय शास्त्रज्ञ पुढे होते. अलाहाबाद विद्यापीठातल्या नीलरतन धर आणि ए. सी. चटर्जी यांनी १९२०च्या दशकात वेगळं मत मांडलं. त्यांच्या मते पदार्थ आधी इतक्या बारीक कणांच्या रूपात बनतो की ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि खालीही बसत नाहीत. नंतर बाहेरच्या रसायनामुळे ते कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि वर्तुळ दिसतं. थोडक्यात, नक्षी कण जन्मताना ठरत नाही, जन्मल्यानंतर ठरते.

१९३९ मध्ये सी. व्ही. रामन आणि के. सुब्बा रामय्या यांनी तर या वर्तुळांची तुलना लहरींशी केली. आजची गणितं लहरींवर नव्हे, तर विसरण आणि उंबरठा यांवर उभी आहेत. पण "कण जन्मताना की जन्मल्यानंतर" हा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. वेगवेगळ्या रसायनांमध्ये वेगवेगळी यंत्रणा जास्त प्रभावी असू शकते.

कोडमध्ये हे कसं दिसतं?

ज्यांना थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं त्यांच्यासाठी. मी याचं साधं सिम्युलेशन जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं, ते शंभरेक ओळींत बसतं आणि फोनच्या ब्राउझरमध्येही चालतं.

- हजार घरांचा एक अ‍ॅरे घ्या. प्रत्येक घरात चार आकडे: बाहेरचं रसायन, आतलं रसायन, विरघळलेलं उत्पादन आणि गाळ.
- सुरुवातीला सगळ्या घरांत आतलं रसायन सारखं भरा. डाव्या टोकाला बाहेरचं रसायन कायम जास्त ठेवा.
- प्रत्येक फेरीत गाळ सोडून बाकी तिन्ही आकडे शेजारच्या घरांत थोडे थोडे पसरवा: डावं अधिक उजवं वजा दोन वेळा स्वतः, याला एका छोट्या आकड्याने गुणून जुन्यात मिळवा. हा आकडा ०.५ च्या खाली हवा, नाहीतर उत्तरं भरकटतात.
- जिथे दोन्ही रसायनं आहेत तिथे ती कमी करून उत्पादन वाढवा.
- घरात किंवा शेजारी गाळ असेल तर खालचा उंबरठा लावा, नसेल तर वरचा. उंबरठ्यापेक्षा जास्त झालेलं उत्पादन गाळात टाका.

या कोडमध्ये "इतक्या घरांनंतर वर्तुळ काढ" अशी ओळ कुठेही नाही. कुठल्याच घराला तिसऱ्या घरापलीकडचं काही माहीत नाही. तरी पट्टे येतात. दोन उंबरठे सारखे करून टाका, पट्टे जाऊन सलग गाळ दिसेल.

हे ओळखता आलं नाही तर काय होतं?

वैद्यकीय तपासणी: अशीच थरांची गोल रचना कधीकधी शरीरातही बनते, विशेषतः मूत्रपिंडातल्या किंवा स्तनातल्या द्रवाने भरलेल्या गाठींमध्ये. मायक्रोस्कोपखाली ती एखाद्या परजीवीच्या अंड्यासारखी दिसू शकते. मूत्रपिंडात राहणारा डायोक्टोफायमा नावाचा एक मोठा कृमी आहे, त्याची अंडी समजून लीझेगांग रिंग्जवर शिक्का मारला जाण्याचा धोका असतो. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा यावर १९८७ मध्ये स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पेशंटच्या बाजूने विचार करा: गाठीत फक्त साका आहे, आणि रिपोर्टवर जंत लिहिलाय.

दगड: वालुकाश्मात लोहाच्या ऑक्साईडचे तांबूस-तपकिरी वळणदार पट्टे दिसतात. त्यातले बरेच पट्टे भूजल दगडात झिरपताना अशाच प्रक्रियेने बनतात. एक खूण म्हणजे हे पट्टे दगडाच्या मूळ थरांना न जुमानता आडवेतिडवे छेदून जातात. "दगडावर कोरलेलं प्राचीन चक्र" अशा कॅप्शनचा फोटो आला तर आधी हे तपासा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं मोजून दगडाचं वय काढायचा मोहही टाळा. वर वेळेचा नियम पाहिलाच: प्रत्येक पुढच्या वर्तुळाला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष हा हिशोब इथे लागूच पडत नाही.

अकीक: आपल्या दख्खनच्या बेसॉल्ट खडकातल्या पोकळ्यांमध्ये अकीक सापडतो, त्याचे पट्टे तुम्ही अंगठीच्या खड्यात पाहिले असतील. लीझेगांग यांनी १९१५ मध्ये अकीकांवर पुस्तक लिहून ते पट्टे याच प्रक्रियेने बनतात असं मांडलं. पण आज सगळे भूशास्त्रज्ञ त्याच्याशी सहमत नाहीत. म्हणजे उलटी चूकही होऊ शकते: पट्टे दिसले की प्रत्येक वेळी "लीझेगांग" म्हणून मोकळं व्हायचं नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये करायचं असेल तर

मूळ प्रयोगातलं पोटॅशियम डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे, ते घरी अजिबात नको. लॅबमध्ये सोपा पर्याय म्हणजे मॅग्नेशियमचा क्षार मिसळलेलं जिलेटिन आणि वरून अमोनियाचं द्रावण. मॅग्नेशियम हायड्रॉक्साईडचे पांढरे पट्टे येतात. तीव्र अमोनियाची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असते, म्हणून शिक्षकांसमोर, गॉगल घालून, फ्यूम हूडमध्येच करा आणि नळीला बूच लावा.

तुमचा फोन इथे खरंच उपयोगी पडतो:

- नळीशेजारी पट्टी उभी ठेवा, मागे काळा कागद लावा. फोन स्टँडवर समोर सरळ ठेवा, फोकस आणि एक्सपोजर लॉक करा.
- सतत व्हिडिओची गरज नाही. १, २, ४, ८, १६, ३२ तासांनी फोटो काढा. वर्गमुळाचा नियम असल्यामुळे दुपटीच्या वेळा पुरतात.
- जेलच्या पृष्ठभागापासून प्रत्येक पट्ट्याचं अंतर मोजा आणि स्प्रेडशीटमध्ये भरा. अंतराचा वर्ग विरुद्ध वेळ असा आलेख साधारण सरळ रेषेत यायला हवा.
- प्रत्येक अंतराला आधीच्या अंतराने भागा. सुरुवातीचे काही पट्टे सोडून गुणोत्तर जवळपास कायम यायला हवं.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेच ट्युरिंग पॅटर्न आहेत का?
नाही. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या नक्षीत दोन पदार्थ एकमेकांना वाढवतात आणि रोखतात, आणि ठिपक्यांमधलं अंतर साधारण ठरलेलं असतं. लीझेगांग रिंग्जमध्ये पुढे सरकणारी आघाडी मागे गाळ सोडत जाते आणि अंतर वाढत जातं.

आणि रंग बदलत राहणारी बेलोसोव्ह–झाबोटिन्स्की अभिक्रिया?
ती वेगळी. तिथे अभिक्रिया स्वतःच पुढे-मागे झुलत असते. लीझेगांगमध्ये पडलेलं वर्तुळ सहसा तिथेच राहतं.

याचा उपयोग काय?
संशोधक या प्रक्रियेने अतिसूक्ष्म नक्षी आपोआप बनवण्याचे प्रयोग करतात. तुमच्या फोनच्या चिपवरची प्रत्येक रेघ प्रकाशाने आखलेली असते, इथे रेघा स्वतः उमटतात. पण हवी तिथे, हवी तशी रेघ मिळवणं अजून कठीण आहे, त्यामुळे चिप बनवण्याला हा पर्याय नाही.

पट्टे आलेच नाहीत तर काय तपासायचं?
पहिल्यांदा दोन रसायनांच्या तीव्रतेतला फरक. तो कमी असेल तर आघाडी पुढे सरकतच नाही. त्यानंतर तापमान: उन्हाळ्यात जिलेटिन वितळतं आणि सगळा गाळ तळाशी जातो.

थोडक्यात

लीझेगांग रिंग्जसाठी लागतं ते एवढंच: हळू पसरणारं रसायन, गाळ धरून ठेवणारं जेल आणि दोन वेगळे उंबरठे. पुढच्या वेळी निसर्गात कुठे नियमित पट्टे दिसले तर "हे कुणी काढलं?" याआधी दोन गोष्टी बघा. अंतरं समान आहेत की एका गुणोत्तराने वाढतायत? आणि पट्टे मूळ थरांच्या बाजूने जातात की त्यांना छेदून? त्यासाठी एक फोटो आणि एक पट्टी पुरते.